आधी सुतळी, मग कॉम्प्युटर!

कॅस्टर, कॅम्बर, टो-इन. मेकॅनिकलच्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा, तिन्हींच्या डेफिनेशन घडाघडा म्हणून दाखवेल. डायग्रॅमसुद्धा काढून देईल, तीही पेन्सिलने! पण यातला एक तरी अँगल स्वतःच्या हाताने गाडीवर मोजलाय का, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. परीक्षेत हा प्रश्न चार मार्कांचा असतो आणि चार मार्कांपुरतंच आपण तो शिकतो. जर्नलमध्ये गेल्या वर्षीच्या जर्नलची आकृती, त्यात त्याच्या आधीच्या वर्षीची... ही परंपरा किती जुनी आहे ते सरांनाच माहीत!

विषय निघायचं कारण म्हणजे वर्कशॉपच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली प्रीमियर पद्मिनी. हॉस्टेलच्या मुलांना ती मुख्यतः टॉवेल वाळत घालायची जागा म्हणून माहीत आहे. ती आता भंगारात काढणार आणि त्या जागी कॉम्प्युटराइज्ड व्हील अलाइनमेंटचं मशीन बसवणार, अशी चर्चा मेसमध्ये आणि स्टाफरूमच्या बाहेर ऐकू येते. मशीन येत असेल तर आनंदच आहे. पण गाडी जाऊ देऊ नका, एवढंच माझं म्हणणं. का, ते जरा सविस्तर सांगते.

आधी थोडं गाडीबद्दल. वालचंद हिराचंद, म्हणजे आपल्या सोलापूरचे, यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना मुंबईत, कुर्ल्याला. फियाट ११०० तिथेच तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तिचं नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झालं. १०८९ सी.सी.चं इंजिन, स्टिअरिंगच्या खाली गिअरचा दांडा, मागच्या चाकांना ड्राइव्ह. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आर.टी.ओ.ला रजिस्टर झाली आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून कायमची गेली. तेव्हा पेपरमध्ये सगळ्यांनी आठवणी काढल्या, फोटो छापले. पुढच्या चाकांबद्दल कुणी एक ओळ लिहिली नाही. साहजिकच आहे म्हणा.

पण आपल्यासाठी पुढची चाकंच महत्त्वाची. पद्मिनीचं पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट आहे. प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक विशबोन, मधे कॉइल स्प्रिंग, आणि चाक वळतं ते किंग पिनवर. हे सगळं बॉनेट उघडून, चाक काढून डोळ्यांनी दिसतं, बोटाने दाखवता येतं. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत मॅकफर्सन स्ट्रट असतो आणि कंपनीतून कॅम्बर-कॅस्टर ठरूनच आलेले असतात. दुकानात फक्त टो फिरवून मिळतो. म्हणजे नवीन गाडीवर शिकायचं म्हटलं तर तीनपैकी दोन धडे स्क्रीनवर वाचायचे! जुन्या डबल विशबोनच्या गाड्यांत बहुधा विशबोनच्या मुळाशी शिम, म्हणजे पातळ पत्र्या घालून किंवा काढून कॅम्बर आणि कॅस्टर बदलता येतात. हात काळे करायची सोय आहे.

आता टो-इनचं घ्या. पुस्तकात लिहिलंय, ‘टो-इनमुळे टायरची झीज कमी होते’. आपण लिहितो, मार्क मिळतात, संपलं. पण मुळात चाकं आतल्या बाजूला किंचित वळवून ठेवायचीच कशाला? सरळच का नाही? कारण पद्मिनीची पुढची चाकं नुसती ढकलली जातात. रस्ता त्यांना मागे ओढतो, त्यामुळे पुढच्या कडा बाहेर फाकायला बघतात, आणि रॉडच्या सांध्यांत आणि बुशांत जो थोडाफार ढिलेपणा असतो तेवढी त्या फाकतात. उभ्या गाडीत थोडा टो-इन ठेवला की चालत्या गाडीत चाकं जवळजवळ सरळ होतात. पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाडीत इंजिन जोर लावतं तेव्हा उलटं होतं, चाकं आत ओढली जातात. म्हणून तिथे टो शून्याच्या आसपास किंवा थोडा बाहेर असतो. हे एकदा समजलं की नंबर पाठ करायची गरजच राहत नाही.

आणि चुकला तर काय होतं, त्याचाही हिशेब करून बघा. पद्मिनीचं चाक १४ इंची, रिमची बाहेरची कड साधारण ३८ सें.मी. धरा. समजा दोन्ही चाकं मिळून टो १० मि.मी.ने चुकला. १० भागिले ३८०, म्हणजे ०.०२६ रेडियन. प्रत्येक चाकाच्या वाट्याला त्याच्या निम्मे, ०.०१३. याचा अर्थ गाडी एक किलोमीटर पुढे गेली की प्रत्येक पुढचं टायर हिशेबाने १३ मीटर आडवं घासलं जातं. शंभर किलोमीटरला १.३ किलोमीटर! टायरवरून हात फिरवला तर एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं लागतं, ते यामुळेच. हे गणित अकरावीचं आहे. तरी ते आपल्याला कुणी करायला लावलेलं नाही.

माझं गाव दिंद्रुड, तालुका माजलगाव, जिल्हा बीड. शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली त्यामुळे माझं मराठी थोडं सांभाळून घ्या, पण सुट्टी मात्र कायम गावाकडेच. माझ्या मोठ्या काकांकडे पद्मिनी आहे आणि ते ती अजून चालवतात. मागच्या वर्षी तिला एक रोग लागला होता. साठच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरायचं आणि सरळ रस्त्यावरसुद्धा गाडी दारुड्यासारखी इकडून तिकडे जायची. काकांनी ती एका मोठ्या शहरात नेऊन कॉम्प्युटर अलाइनमेंट करून आणली. रंगीत प्रिंटआउट मिळालं, सगळे आकडे हिरवे. गाडी मात्र येताना पूर्वीसारखीच हलत आली! पुन्हा नेली, पुन्हा हिरवे आकडे.

शेवटी गावाकडच्या मिस्त्रींना दाखवली. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. मी मोठ्या ऐटीत ते प्रिंटआउट पुढे केलं. चाचांनी बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “बेटा, कागद बाजूला ठेव. आधी ढिलं काय हाय ते बघू.”

चाचांनी जॅक लावला, खाली घोडी दिली. चाक वरून आणि खालून धरून हलवलं... कट् कट् आवाज. मग मला आत बसून ब्रेक दाबायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. आवाज तसाच. ही एवढीशी टेस्ट मला फार आवडली. ब्रेक दाबल्यावर ड्रम आणि स्टब अ‍ॅक्सल एकत्र जखडले जातात. ब्रेक दाबून खेळ थांबला तर दोष व्हील बेअरिंगचा. थांबला नाही तर किंग पिनचा. मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवायचं, म्हणजे टाय रॉड एंडचा ढिलेपणा कळतो. एका पैशाचं इन्स्ट्रुमेंट नाही, आणि डायग्नोसिस पक्कं! किंग पिनच्या बुशा वर्षानुवर्षं ग्रीस न मिळाल्याने खाल्ल्या गेल्या होत्या.

यात मशीनचा काही दोष नाही, हे मुद्दाम सांगते. मशीनने उभ्या गाडीचे अँगल बरोबरच मोजले होते. पण किंग पिन ढिली असेल तर चाक उभं असताना एका ठिकाणी टेकतं आणि चालताना दुसऱ्याच. मग मोजलेला आकडा नेमका कशाचा? हा प्रश्न मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाला पडायला हवा. त्याला तो पडत नसेल तर आपण शिकवतोय काय? आणि उद्या त्या दुकानात, किंवा ते मशीन बनवणाऱ्या कंपनीत, आपणच असणार आहोत.

नवीन किंग पिन, बुशा रीम करून बसवल्या, निपलमधून ग्रीस भरलं. त्यानंतर मोजमाप. जमीन लेव्हल आहे का ते गवंड्याच्या पाण्याच्या नळीने बघितलं. एका चाकाखाली पत्रा टाकावा लागला. हवा चारही चाकांत बरोबर केली. पुढच्या सीटवर दोन पोती ठेवली, कारण गाडी रिकामी कधी चालत नाही, आणि डबल विशबोनमध्ये गाडी खाली-वर झाली की कॅम्बर बदलतो. मग चाक गरगर फिरवून टायरच्या मधोमध खिळ्याने एक बारीक रेघ ओढली, दोन्ही चाकांवर. गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकलली, की सस्पेन्शन बसलं. रेघेवर खडूची खूण पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर. दोन रेघांमधलं अंतर मोजलं. मग गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याएवढी पुढे ढकलली. तीच खूण आता मागे, त्याच उंचीवर, पुन्हा अंतर. मागचं वजा पुढचं म्हणजे टो-इन. खूण तीच वापरल्यामुळे रिम थोडं वाकडं असलं तरी उत्तर चुकत नाही. मेट्रॉलॉजीच्या लेक्चरला एरर एलिमिनेशन म्हणतात ते हेच असावं...

कॅम्बरसाठी ओळंबा. (हा शब्द मला कॉन्व्हेंटने नाही, गावातल्या गवंड्याने शिकवला. आपण ‘प्लम्ब बॉब’ म्हणतो.) मडगार्डवरून ओळंबा सोडायचा आणि दोरीपासून रिमची वरची कड किती लांब, खालची किती लांब ते मोजायचं. ३८ सें.मी.वर १ अंश म्हणजे ६.६ मि.मी. फरक. पाव अंश म्हणजे दीड मि.मी.च्या थोडं वर. साधी पट्टी आणि शांत डोकं असेल तर एवढं नक्की वाचता येतं.

कॅस्टर सरळ मोजताच येत नाही, कारण किंग पिनचा अक्ष चाकाच्या आत लपलेला असतो. पण चाक आधी २० अंश बाहेर आणि मग २० अंश आत वळवलं की कॅस्टरमुळे कॅम्बर बदलतो. त्या दोन कॅम्बरमधला फरक साधारण दीडने गुणला की कॅस्टर. हा ‘दीड’ कुठून आला? १ भागिले (२ साइन २०), म्हणजे १.४६. चाचांना साइन माहीत नाही, पण दीड माहीत आहे. आपल्याला साइन माहीत आहे, पण ते इथे कामाला येतं हे माहीत नाही! चाक वळवताना टायर अडकू नये म्हणून खाली दोन-दोन फरश्या, मधे ग्रीस. झालं टर्न प्लेट तयार.

कामाचा क्रमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. कॅस्टर-कॅम्बर आधी, टो सगळ्यात शेवटी. कारण पहिले दोन हलवले की टो आपोआप हलतो. टोसाठी टाय रॉडची स्लीव्ह फिरवायची. तिच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे, त्यामुळे १.५ मि.मी. पिच धरली तर एका फेऱ्यात लांबी ३ मि.मी. बदलते. ऐकायला कमी वाटतं, पण स्टिअरिंग आर्म १२ सें.मी.चा असेल तर रिमवर जवळपास साडेनऊ मि.मी. फरक पडतो! म्हणून पाव-पाव फेराच. तोही दोन्ही बाजूंना सारखा, नाहीतर स्टिअरिंग व्हील वाकडं दिसायला लागतं. मग काही लोक काय करतात, तर व्हीलच काढून सरळ बसवतात. दिसायला छान, पण जुन्या वर्मच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये बरोबर मध्यावर खेळ सगळ्यात कमी ठेवलेला असतो. गाडी सरळ चालताना बॉक्स मध्यावर नसेल तर सरळ रस्त्यावरच स्टिअरिंग ढिलं लागतं. चाचा अशा कामाला ‘तोंडाला पावडर’ म्हणतात.

आता एक गोष्ट जी कुठल्याच टेक्स्टबुकात मला सापडली नाही. डांबरी रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. आपण डावीकडून चालतो, म्हणजे गाडी कायम डावीकडे कललेली, तिकडेच ओढणार. म्हणून बऱ्याच ठिकाणी डाव्या-उजव्या चाकाच्या कॅस्टर-कॅम्बरमध्ये मुद्दाम थोडा फरक ठेवतात, जेणेकरून गाडी किंचित उजवीकडे ओढेल आणि हिशेब बरोबर होईल. दोन पदरी रस्त्यावर हे ठीक आहे. पण आमच्याकडे मोठे रस्ते चांगले झाले तरी वस्त्यांकडे जाणारे रस्ते अजून एकपट्टीच आहेत. तिथे सगळेजण मधोमध, म्हणजे उंचवट्यावरूनच चालवतात, आणि समोरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर आला की डावी चाकं साइडपट्टीवर उतरवतात. उंचवट्यावर गाडी सपाट असते. मग तो मुद्दाम ठेवलेला उजवा ओढा राहतो आणि गाडी हळूहळू समोरच्या ट्रॉलीच्या दिशेने जाते. म्हणजे प्रिंटआउटवरचा बरोबर आकडा आमच्या रस्त्यावर चूक! चाचा दोन्ही बाजू सारख्या ठेवतात. ‘रस्ता कुठला?’ हा प्रश्न ते गाडीवाल्याला आधी विचारतात.

तसंच टायरचं. पद्मिनीच्या काळातले पुस्तकी आकडे क्रॉस-प्लाय टायरसाठी होते. आता बसवतात ते रेडियल. रेडियलला टो-इन कमी लागतो, कॅस्टर थोडा जास्त चालतो. जुनं मॅन्युअल मिळवून त्यातले आकडे डोळे झाकून लावणं आणि हिरवे आकडे बघून खूश होणं, दोन्ही सारखंच. आणि मागचे पाटे बसले असतील तर गाडीचं नाक वर होतं, कॅस्टर वाढतो, स्टिअरिंग जड लागतं. दुखणं पुढे आणि कारण मागे! मशीन हा वाढलेला कॅस्टर दाखवेल. मागे वाकून पाटे बघायला मात्र कुणीतरी लागेलच.

गावाकडचे सगळेच मिस्त्री असे असतात असं मात्र नाही. बरेच जण महिंद्राच्या जीपवर शिकलेले. जीपला पुढेही अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे. कॅम्बर अ‍ॅक्सलमध्येच ठरलेला, कॅस्टर बदलायचा तर पाट्याखाली पाचर घालायची, आणि हाताशी एकटा टाय रॉड. ते पद्मिनीलाही जीपसारखंच वागवतात, टो फिरवला की काम खलास. म्हणून ‘गावठी ते सोनं’ असं काही मला म्हणायचं नाही. समजून केलेलं काम आणि सवयीने केलेलं काम, असा फरक दोन्हीकडे आहे.

आमच्या एका मित्राने विचारलं, “कंपनीत जाऊन सुतळी लावणार आहेस का?” नाही लावणार. मशीन चारही चाकं एकदम बघतं, मागच्या अ‍ॅक्सलचा तिरकेपणा दाखवतं, अंशाचा छोटासा भाग वाचतं. सुतळीने तेवढं करायला अर्धा दिवस जातो. पण आजच्या गाडीत टो बदलल्यावर स्टिअरिंगचा अँगल सेन्सर पुन्हा शून्यावर आणावा लागतो आणि लेन बघणारा कॅमेरा असेल तर तोही तपासावा लागतो. ज्याला ‘सरळ’ म्हणजे नक्की काय हे हाताने कळलेलं नाही तो सेन्सरला काय सरळ करणार? टो फिरवल्यावर स्टिअरिंग का वाकडं झालं, हे पद्मिनीखाली झोपून एकदा बघितलं की जन्मभर विसरत नाही. (मुलींनी गाडीखाली झोपायचं का, असा प्रश्न गावात एका आजींनी विचारला होता. चाचांनीच उत्तर दिलं, “मग काय उभ्यानं दिसतंय व्हय?”)

तेव्हा विभागप्रमुखांना आणि वर्कशॉपच्या सरांना विनंती. गाडी रस्त्यावर न्यायची नाहीये, त्यामुळे तिचं फिटनेस, रिन्यूअल वगैरे प्रश्न येत नाहीत. इंजिन चालू नसलं तरी हरकत नाही, ढकलायला हॉस्टेलमध्ये मनुष्यबळ भरपूर आहे. मशीन शेडशेजारीच बसवा. प्रत्येक बॅचने आधी सुतळी-ओळंब्याने मोजावं, आकडे जर्नलमध्ये लिहावेत आणि मगच मशीनवर मोजून दोन्ही शेजारी-शेजारी मांडावेत. फरक आला तर का आला, हे लिहायला एक पान. हे पान मागच्या वर्षीच्या जर्नलमधून कॉपी करता येणार नाही, कारण दरवर्षी गाडी वेगळी ढिली झालेली असेल!

सामान फारसं लागत नाही. जॅक आहे, दोन घोड्या वेल्डिंग शॉपमध्ये आपणच करू. सुतळीचा एक गुंडा, ओळंबा, स्टीलची पट्टी, पाण्याची नळी, चार जुन्या फरश्या, ग्रीस. टायर बहुतेक बदलावे लागतील, वर्षानुवर्षं एकाच जागी उभे राहून ते चपटे झालेत. सेकंडहँड चालतील, फक्त चारही एकाच जातीचे हवेत. सबमिशन संपल्यावर दोन शनिवार दिले तर सुरुवात करता येईल. पहिल्या शनिवारी मोजायचं काहीच नाही, फक्त चाकं हलवून ढिलं काय आहे ते बघायचं. येणाऱ्यांनी जुने कपडे घालून यावं. आणि ज्यांचे टॉवेल गाडीवर आहेत त्यांनी ते शुक्रवारी रात्रीच काढून न्यावेत, ग्रीस लागलं तर आम्ही जबाबदार नाही.